पाहुण्यांसाठी गोटीसोडा

काळेगाव (पूर्णाकाठ), ता. ८ जानेवारी १९२९

साडूभाऊ शेषराव पाटील, मुक्काम सावरझरी, यांस हिंमतरावाचा रामराम. घाट चढून येईपर्यंत रामरामाला दम लागेल, त्याला बसायला घोंगडी द्यावी.

इकडे वेचणी जोरात चालू आहे. तुमच्या गावची निम्मी माणसं सध्या आमच्याच शेतांत वाकलेली असतात, त्यामुळे सावरझरीची खबर मला तुमच्या आधी कळते. यंदा तुमची ज्वारी बसली म्हणे. बसणारच, खडकावर तिनं उभं तरी किती राहावं. आमच्याकडे देवाची कृपा आहे. खामगावच्या बाजारात आमच्या गाड्या लागल्या की दलाल खुर्ची सोडून उठतात.

तरीही सुख नाही, कारण डोक्यावर नागपूर आहे. मागच्या महिन्यात उमरावतीच्या सभेत मी पाऊण तास बोललो. म्हटलं, कापूस वऱ्हाडाचा आणि तिजोरी नागपूरची, हा कुठला न्याय? पिकवायचं आम्ही आणि पूल व्हायचे छत्तीसगडात. आमच्याकडून नेतात भरपूर, परत देताना मात्र त्यांचा हात आखडतो. टाळ्या पुष्कळ पडल्या. नागपूरपर्यंत त्या ऐकू गेल्या नसाव्यात.

आता कामाचं. आमच्या शेजारगावचे नारायणराव देशमुख तुम्हांला ऐकून माहीत असतील. तीनशे एकर काळीभोर जमीन, जिनात भागी आणि दारात फोर्ड मोटर. त्यांचा धाकटा मोतीराम लग्नाचा आहे. मी तुमच्या वच्छलेचं नाव त्यांच्या कानावर घातलं. घाटावरची पोरगी म्हटल्यावर त्यांनी भुवया वर केल्या, पण मी माझ्या शब्दानं त्या खाली आणल्या. असं स्थळ तुमच्या बाजूला दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही, आणि दिव्यात तेल आहे की नाही हाही प्रश्नच.

तुमची मेहुणी ठीक आहे. अधूनमधून पोटात कळ येते. खामगावचा डॉक्टर म्हणतो, श्रीमंत घरच्या बायकांना असं होतंच. ती मागून काहीतरी लिहा लिहा म्हणते आहे, पण कागद संपला.

लोभ आहेच, तो मोटरीच्या वेगानं वाढो.

हिंमतराव

*

सावरझरी, पेटा बीबी, ता. १७ जानेवारी १९२९

साडूभाऊ हिंमतराव यांस,

तुमचा रामराम पोचला. घोंगडी दिली. ती एकच होती, म्हणून मी आता जमिनीवर बसून लिहितो आहे.

नागपूरकर तुम्हांला लुटतात हे वाचून वाईट वाटलं. आम्हांला लुटायला अजून कोणीच आलेलं नाही, याचं त्याहून वाईट वाटलं. काही तरी असल्याशिवाय कोणी लुटत नाही, तेव्हा तुमचा तो मानच समजा. आम्ही इथे बसून म्हणतो की जिल्हा एकच, पण जिल्ह्याचा पैसा घाटाखालीच मुक्काम करतो. रेल्वे तुमच्याकडे, जिन तुमच्याकडे, बाजार तुमच्याकडे. आणि परवा आमच्या माळावरच्या वस्तीतला तुळशीराम मला तोंडावर म्हणाला, "पाटील, सारं तुमच्याच दारात येऊन राह्यलं. आमच्याइकडे काऊन नाही येत?" मी त्याला नागपूरकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली आणि माझ्याकडेच बघत राहिला.

सरकारनं आम्हांला एकदाच काही दिलं, ते तीस वर्षांमागं, छप्पन्नच्या दुष्काळात. गाव सरसकट भिकेला लागलं म्हणून कामावर लावलं आणि आमच्याकडूनच चावडीपुढची विहीर खोदून घेतली. तीच अजून अख्खं गाव पाजते. गरिबीनं दिलेली तेवढी एक चीज आहे. बाकी तुमच्यापुढे मांडावं असं काही नाही.

देशमुखांचं स्थळ ऐकून घरात आनंद झाला. वच्छला सोळाची झाली, मेहकरच्या शाळेत चार बुकं शिकली, आणि माझ्या पत्रातल्या चुका काढते, यावरून हुशारी कळेल. इकडे तिनं दगड वेचण्यापेक्षा तिकडे कापूस मोजावा, असंच मलाही वाटतं. बापाला दुसरं काय पाहिजे? लेक पोटभर खाईल तिथं द्यावी. हे मात्र मी थट्टेत लिहीत नाही.

मेहुणीच्या श्रीमंत दुखण्याचं वाचलं. आमच्या बायकांना असली दुखणी परवडत नाहीत, त्या साध्या तापावर भागवतात. पण सत्यभामेचा जीव बहिणीत अडकला आहे. दोघींचे आईबाप गेल्यावर आता हेच घर कौशल्याबाईंचं माहेर. पाच वर्षांत त्या इथं आलेल्या नाहीत. चार दिवस पाठवा. आमची भाकरी त्यांना टोचणार नाही, त्यांनी ती लहानपणी खाल्लेली आहे.

आमच्याकडे लोभाचं पीकही बेताचंच येतं, जेवढं आलं तेवढं पाठवलं आहे.

शेषराव

*

काळेगाव, ता. २ फेब्रुवारी १९२९

साडूभाऊ,

ठरलं. रविवारी, १७ तारखेला नारायणराव, त्यांच्या मंडळी रुखमाबाई आणि मोतीराम मुलगी बघायला येतील. मेहकरपर्यंत मोटर, पुढे बैलांची दमणी. तुमच्या रस्त्यावर मोटर आणायची म्हणजे आधी मोटरीची समजूत घालावी लागेल.

मोठी माणसं आहेत, तेव्हा मी सांगतो तसं करा. खुर्च्या मागून आणा. भिंती सारवून घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाहुणे ओसरीवर टेकले की लगेच गोटीसोडा द्या. मेहकरला मिळतो. जेवणात ताक ठेवा. साधं पाणी पुढे करू नका. थोरामोठ्यांत आता साधं पाणी देणं हलकं समजतात. कोणी विहिरीचं विचारलंच तर "पाणी आमचं जरा जडच आहे" एवढं म्हणा आणि विषय बदला. मी त्यांना तसंच सांगितलं आहे.

याला का आणि कशाला विचारू नका. साडू म्हणून एवढं ऐका.

कौशल्येचं आता जमणार नाही. वेचणी आहे, मग सरकी आहे, मग लग्नसराई आहे. वैशाखात बघू. तिला बाजेवरून उठवत नाही, म्हणजे तसं काही नाही, थंडी आहे.

हिंमतराव

*

सावरझरी, ता. २० फेब्रुवारी १९२९

साडूभाऊ हिंमतराव यांस,

तुमची थोर मंडळी येऊन गेली. कशी गेली ते ऐका.

बीबीच्या शाळेतून दोन खुर्च्या आणल्या. तिसरी किसनराव पटवाऱ्याची, तिचा एक पाय विटेवर उभा केला. मेहकरहून दोन डझन सोडा आणला. गाडीत कडबा घालून त्यावर बाटल्या निजवल्या. माझी पोरं अशी कधी निजवली नव्हती. तरी सहा बाटल्या वाटेतच फुटल्या. गावात त्या दिवशी शेतावर कोणी गेलं नाही. बाटलीत गोटी जाते कशी आणि निघते कशी, यावर चावडीत दोन तट पडले.

पाहुणे टेकले. तुळशीरामला मी तयार ठेवला होता. त्यानं बाटलीत अंगठा दाबला, बाटलीनं मोठा आवाज केला आणि निम्मा फेस नारायणरावांच्या फेट्यावर गेला. त्यांनी उपरण्यानं फेटा पुसला. पोरगा मोतीराम हसला. बरा वाटला मला तो पोरगा. मग नारायणरावांनी विचारलं, "हिरीचं पानी कसं आहे हो तुमचं?" तुम्ही पढवल्याप्रमाणे मी म्हटलं, "जरा जडच आहे." ते खूश झाले. आमच्या गावचं पाणी वाईट आहे हे ऐकून पाहुणा खूश होतो, असा सोयरा मी पहिल्यांदा बघितला. श्रीमंतांच्या आवडीनिवडी आम्हांला कुठल्या कळायला.

इथवर सगळं ठीक होतं. पण रुखमाबाईंनी सोड्याला हात लावला नाही. त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि वच्छलेला म्हणाल्या, "मले साधं पानी दे वं पोरी." तिनं दिलं. आता पोरीला कुणी सांगितलं होतं की साधं पाणी हलकं असतं? बाईंनी गटगट एक तांब्या संपवला. दुसरा संपवला. तिसरा मागितला आणि तो हातात धरून बसल्या. मी दारातून बघितलं तर डोळ्यांना पदर लावलेला. आमचं दारिद्र्य बघून त्यांना रडू आलं. चुलीपाशी चार मडकी आणि एक उतरंड, त्यात एवढं रडण्यासारखं काय होतं ते मला दिसलं नाही, पण त्यांना सवय नसेल. मग वच्छलेला जवळ बसवून बराच वेळ हळू आवाजात काही बोलल्या.

बाहेर येऊन त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "पानी गोड आहे." नारायणराव ताडकन उठले. पुरणाचा स्वयंपाक झाला होता. ताटं मांडली होती. "आमाले उशीर होऊन राह्यला" म्हणून दमणी जोडायला लावली आणि गेले. मोतीरामनं दोनदा मागं वळून बघितलं.

अठरा बाटल्यांतल्या अकरा उरल्या. गावानं त्या चावडीत बसून संपवल्या. पण सत्यभामेनं पुरणाला हात लावला नाही, आणि मलाही त्या रात्री जेवण गेलं नाही. पोरीला नाकारायचं होतं तर नाक, डोळे, रंग, काहीही काढायचं. पाणी गोड आहे म्हणून नाकारलं, असं मी कुणाला सांगू? तुमच्या श्रीमंत लोकांना अपमान करायलाही साधं कारण मिळत नाही.

पोरीच्या बापाचा मान घाटाखाली काय भावानं जातो, तेवढं कळवा.

शेषराव

*

काळेगाव, ता. १ मार्च १९२९

साडूभाऊ,

नारायणरावांकडून निरोप आला. संबंध होणार नाही. त्यांच्यापुढे मी खोटा ठरलो. तालुका बोर्डाच्या निवडणुकीत त्यांच्या गावाची मतं मला मिळणार होती, तीही गेली असं समजा.

तुम्हांला एकच गोष्ट सांगितली होती, ती तुम्हांला करता आली नाही. आता हा विषय पुन्हा काढू नका. कौशल्येच्या येण्याचाही काढू नका.

हिंमतराव

*

सावरझरी, ता. ९ मार्च १९२९

तीर्थरूप मावसाजींस वच्छलेचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा तुम्हांला सात पानी उत्तर लिहीत होते. त्यात श्रीमंतांच्या माजावर दोन पानं झाली होती आणि तुमच्यावर पाच व्हायची होती. मी ते काढून घेतलं आणि तिकीट माझ्या पत्राला लावलं. मुलीनं असं लिहू नये हे मला माहीत आहे. चुका मात्र काढू नका, त्या मी आधीच काढल्या आहेत.

त्या दिवशी रुखमाबाईंनी मला काय सांगितलं, ते मी वीस दिवस कुणाला बोलले नाही. तुमचं शेवटचं पत्र वाचून आई रडायला लागली तेव्हा सांगितलं. आता तुम्हांलाही सांगते, जरी तुम्हांला ते सगळं माहीत आहे.

त्या म्हणाल्या, "आमच्याइकडे सारं खारपान. हिरीत पानी आहे, पन तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबन फेसत नाही. पूर्नेत खड्डा खोदून झिरा काढा, तं गोड पानी भेटते, तेही चैतापर्यंत." म्हणून त्यांच्याकडे सून करायची तर आधी मुलीच्या गावचं पाणी पिऊन बघतात. पाणी खारं असेल तर मुलगी टिकेल. गोड असेल तर ती माहेरी पळते. त्यांच्या दोन मोठ्या सुना अशाच गेल्या. आणि ज्या गेल्या नाहीत त्यांतली एक मी, असं त्या म्हणाल्या. त्या मूळच्या जानेफळच्या, म्हणजे आपल्या घाटावरच्याच. चाळीस वर्षांनी विहिरीचं गोड पाणी प्याल्या, म्हणून रडल्या. आमची मडकी बघून नाही.

मग त्या म्हणाल्या, "मी बाहीर जाऊन पानी जड आहे म्हनलं, तं तुयं लगन होते. खरं सांगतलं, तं मोडते. तूच सांग पोरी, काय सांगू?" मी म्हटलं, मावशी कशी आहे ते आधी सांगा. त्यांनी सांगितलं. दिवाळीपासून ती बाजेवर आहे. मुतखड्यानं जमिनीवर लोळते. डॉक्टर म्हणतो, गोड पाण्यावर नेऊन ठेवा. श्रीमंत बायकांचं दुखणं असं तो कधी म्हणाला नाही.

मग मी त्यांना म्हटलं, खरं सांगा. तेव्हा हे स्थळ बाबांच्या चुकीनं मोडलं असं समजू नका. ते मी मोडलं.

मावसाजी, तुमचं उमरावतीचं भाषण बाबांनी आम्हांला वाचून दाखवलं होतं. आमच्याकडून नेतात भरपूर आणि परत देताना हात आखडतो, हे तुम्ही नागपूरला म्हणालात. मावशी अठरा वर्षं तुमच्या घरात राबली. तिनं तुम्हांला घोटभर पाणी मागितलं आणि तुमचा कागद संपला. ती सभेत उभी राहू शकत नाही, म्हणून मी लिहिते.

तिला पाठवा.

तुमची वच्छला

खाली मी, शेषराव. मेहुणीच्या दुखण्यावर मी विनोद केला होता. माझं ते पत्र जपून ठेवलं असेल तर तेवढ्या ओळी खोडून टाका. मला लाज वाटते आहे. बाकीचं तसंच राहू द्या, ते खरं आहे.

*

काळेगाव, ता. १८ मार्च १९२९

साडूभाऊ शेषराव आणि चि. वच्छलेस,

पत्र मिळून पाच दिवस झाले. पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला दोन ओळी सुचेनात.

वच्छलेनं लिहिलं ते सगळं खरं आहे. कौशल्या मागून जे लिहायला सांगत होती ते असं, की पोरीला इकडे देऊ नका. मी मोटरीबद्दल लिहिलं.

एक गोष्ट तुम्हांला कोणी सांगितली नाही, ती मीच सांगतो. गोड पाण्याच्या तलावासाठी मी नागपूरला तीन अर्ज केले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, की आपलं गाव संपन्न वर्गात मोडतं, सबब मदतीस पात्र नाही. मी ते घेऊन सभासभांतून ओरडत फिरलो. पण गावाला त्या वर्गात घातलं कोणी? पाच वर्षांमागं गावाची स्थिती लिहून घ्यायला एक कारकून आला होता. मी त्याला खुर्ची दिली, जिलबी दिली, ग्रामोफोन लावला. त्यानं विचारलं, गावाला कशाची उणीव आहे? शेजारी नारायणराव बसले होते. त्यांच्यासमोर मी कसं म्हणणार की आमच्या घरात प्यायला पाणी नाही? मी म्हटलं, काळेगावाला कशाची कमी नाही, आणि खाली सही केली. कारकुनानं पाणी मागितलं तेव्हा मी त्यालाही गोटीसोडाच दिला होता.

तुमच्या गावानं भिकेला लागलो असं सांगितलं आणि विहीर मिळवली. आम्हांला ते तोंडानं म्हणता आलं नाही. तेवढ्यासाठी कौशल्या आणखी पाच वर्षं खारं पीत राहिली आणि मी तिला पोट दुखण्याचं औषध देत राहिलो. माझ्या हातून फार वाईट झालं.

परवा रुखमाबाई स्वतः येऊन तिच्या उशाशी बसल्या. गुरुवारी त्यांची मोटर मेहकरपर्यंत येईल, गादी घालून. पुढे तुमची दमणी पाठवा आणि बैल हळू हाकणारा माणूस द्या, धक्के तिला सोसत नाहीत. मी बरोबर आहे. तिची लुगडी दोन पेट्या भरून बांधली आहेत, कारण परत कधी न्यायचं ते तिची बहीण ठरवेल, मी नाही.

आमच्यासाठी खुर्च्या आणू नका. भिंती सारवू नका. ती ओसरीवर टेकली की आधी पाणी द्या. विहिरीचं. सोडा नको.

हिंमतराव